टू हंड्रेड स्क्वेअर फूट शॉप्स: गिरगावातल्या एका चाळीचं पत्र आणि इंग्रजी जोडशब्द

वाक्य एवढंच होतं: ‘द डेव्हलपर शॅल प्रोव्हाइड टू हंड्रेड स्क्वेअर फूट शॉप्स ऑन द ग्राउंड फ्लोअर.’ गिरगावातल्या एका सेस चाळीला, म्हणजे सरकारला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीला, रिडेव्हलपमेंटचं ऑफर लेटर आलं त्यातलं हे वाक्य. त्यावरून चाळीत जे झालं ते सगळं नीट लिहून ठेवतेय, कारण हा गोंधळ एका चाळीपुरता नाहीये. अशी पत्रं आज मुंबईत गल्लोगल्ली फिरतायत, सगळी इंग्रजीत, आणि ज्यांच्या खोल्या जाणारेत ते लोक घरात, बाजारात, मीटिंगमध्ये मराठीच बोलणारे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि ही चाळ माझं माहेर, म्हणून पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं. चाळीचं, बिल्डरचं, कोणाचंच नाव लिहीत नाही, बोलणी अजून चालू आहेत.

आधी परिस्थिती. तळमजला अधिक तीन मजले, १९४० च्या आधीची इमारत म्हणजे सेसच्या हिशोबात ‘ए’ कॅटेगरी, सगळे पागडीवाले, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर राहणारे भाडेकरू, खोल्या साधारण १८० चौरस फुटांच्या. रहिवाशांच्या जागेचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे कारण मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, मिळायलाच हवं, त्याच्या वर किती एवढीच घासाघीस. अडचण होती खालच्या गाळ्यांची. तळमजल्यावर दोनच गाळे, एक पिठाची गिरणी आणि एक किराणा दुकान, दोन्ही शंभर शंभर फुटांच्या आसपास. गिरणीवाल्या काकांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलेलं की मोटर, चक्की, गव्हाचे डबे ठेवायची जागा, मसाल्याची वेगळी चक्की, एवढं शंभरात बसत नाही, डबल द्या. बिल्डरचा लायझनिंगवाला म्हणाला बघू, करू काहीतरी. आणि मग हे पत्र.

आता वाक्य परत वाचा. काकांच्या मुलाने वाचलं: दोनशे स्क्वेअर फुटांची दुकानं. म्हणजे डबल मिळालं, काका खूश, त्यांनी त्याच दिवशी पेढे वाटले. किराणावाल्या अण्णांचा पुतण्या सीएची आर्टिकलशिप करतो, त्याने वाचलं: शंभर स्क्वेअर फुटांची दोन दुकानं. म्हणजे आहे तेवढंच, वर काही नाही. गंमत अशी की गाळे नेमके दोनच असल्यामुळे दोन्ही अर्थ तंतोतंत बसतात, तीन गाळे असते किंवा एकच असता तर वाद झालाच नसता. पण झालं काय, की अण्णांना वाटलं काकांनी बिल्डरशी आतून सेटिंग केलंय म्हणून त्यांना दोनशे आणि आपल्याला शंभर, आणि काकांना वाटलं अण्णा मुद्दाम फाटे फोडतायत. इतकी वर्षं एका भिंतीला भिंत लावून धंदा करणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, एका आडव्या रेघेसाठी. काका माझ्या वडिलांचे मित्र, मला लहानपणापासून ओळखतात, ते म्हणाले, “पोरी, तू इंग्रजीची बाई ना, तूच सांग आता यात काय लिहिलंय.”

उत्तर असं की यात दोन्ही लिहिलंय. त्या वाक्यात हायफन, म्हणजे शब्द जोडणारी छोटी आडवी रेघ, नव्हताच कुठे. हायफन टाकला तर वाक्यं दोन होतात:

‘टू-हंड्रेड-स्क्वेअर-फूट शॉप्स’: दोनशे फुटांची दुकानं, किती ते सांगितलेलं नाही.

‘टू हंड्रेड-स्क्वेअर-फूट शॉप्स’: दुकानं दोन, प्रत्येकी शंभर फुटांची.

पहिल्यात ‘टू’ जोडशब्दाच्या आत आहे, दुसऱ्यात बाहेर उभा आहे. बस एवढाच फरक आणि तो लाखो रुपयांचा, कारण गिरगावात तळमजल्यावरच्या शंभर फुटांची किंमत काय ते मी सांगायची गरज नाही.

चाळीत कोणीतरी शंका काढली की ‘फूट’ कसं, शंभर आहेत तर ‘फीट’ पाहिजे, म्हणजे पत्रच चुकीचं आहे. ते मात्र बरोबर आहे. आकडा आणि माप मिळून नामाच्या आधी विशेषण म्हणून बसलं की माप एकवचनी राहतं: ‘फाईव्ह-यिअर प्लॅन’, ‘टेन-रुपी नोट’, ‘सिक्स-फूट वॉल’. जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी मापाच्या शब्दाला षष्ठीचं बहुवचन लागायचं, पुढे ते प्रत्यय झिजले आणि उरलं ते दिसायला एकवचनच. त्यामुळे ‘फूट’ बघून एक गोष्ट पक्की कळते, की ‘हंड्रेड स्क्वेअर फूट’ एवढा भाग तरी एकमेकांना चिकटलेला आहे. शंका उरते ती फक्त ‘टू’ची. आणि ती व्याकरणाने सुटत नाही.

इथून पुढे मला जे सांगायचंय त्यावर माझा ठाम विश्वास आहे, आणि मी शाळेतही हेच करते. आपण दहावीपर्यंत समास शिकतो, विग्रह करतो, परीक्षा झाली की सोडून देतो. तोच विग्रह इंग्रजी जोडशब्दांना लावायचा, जसाच्या तसा. हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, इंग्रजीचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञसुद्धा जोडशब्दांच्या प्रकारांना आजही तत्पुरुष, बहुव्रीही, द्वंद्व हीच नावं वापरतात, ती नावं संस्कृत व्याकरणातूनच तिकडे गेली. आपल्या पोरांच्या डोक्यात ही हत्यारं आधीच आहेत, फक्त ती इंग्रजीच्या तासाला बाहेर काढायला कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चाळीत वर्गणीचा आणि पाणी न येण्याच्या नोटिसांचा एक फळा आहे, जिन्याजवळ. त्यावरच लिहिलं सगळं. तरुण पोरं, काका, अण्णा, सेक्रेटरी, कामावरून आलेल्या बायका, जिन्यावर बसून. पत्रातले शब्द आधी नुसते गोळा केले: लँडलॉर्ड, कार्पेट एरिया, बिल्ट-अप एरिया, कॉर्पस फंड, ट्रान्झिट रेंट, हाय-राइज, स्टॅम्प ड्युटी, लिफ्ट लॉबी, पार्किंग स्लॉट, ग्राउंड फ्लोअर. सगळे जोडशब्द. काही एकत्र लिहितात, काही सुटे, काही हायफन देऊन, पण तिन्ही समासच. ही पहिली गोष्ट लोकांना पटवायला वेळ लागला, कारण मराठीत समास म्हटलं की शब्द एकत्रच लिहायचा अशी सवय. इंग्रजीत ‘बेडरूम’ जोडून आणि ‘लिव्हिंग रूम’ सुटं, का तर वापरात तसं रुळलं म्हणून.

नियम काय मग, असं पोरं विचारतातच. लेखनाचा पक्का नियम नाही, प्रवाह आहे. शब्द नवीन असताना सुटे लिहितात, मग पुष्कळदा हायफन येतो, वापरून वापरून गुळगुळीत झाला की एकत्र होतो. ‘टुडे’ आणि ‘टुमॉरो’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हायफन घालून छापले जायचे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने ‘ई-मेल’मधला हायफन काढला तो २०११ मध्ये. आणि २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली तिच्यात एका फटक्यात सुमारे १६,००० शब्दांचे हायफन उडवले, काही शब्द तोडले, जसं ‘आइस क्रीम’, काही जोडले, जसं ‘पिजनहोल’. म्हणजे हायफन गळणं ही इंग्रजीची आजची चालच आहे आणि पत्र टाइप करणाऱ्याने तो दिला नाही म्हणून लगेच फसवणूक म्हणता येत नाही. पण आकडा आणि माप नामाच्या आधी येतं तिथे नीट संपादन करणारा माणूस हायफन अजूनही देतोच, आणि करारात तर द्यायलाच हवा.

मग वाचायची पद्धत. इंग्रजी जोडशब्दात शेवटचा शब्द मालक, आधीचे सगळे भाडेकरू, हे चाळीत लगेच समजलं. ‘कार्पेट एरिया’ हा एक एरिया आहे, कार्पेट नाही. ‘फ्लोअर स्पेस इंडेक्स’ म्हणजे एफएसआय हा शेवटी एक इंडेक्स आहे, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं गुणोत्तर, जागा नव्हे, आणि हे कळलं नाही म्हणून किती लोक ‘आम्हाला एफएसआय द्या’ म्हणून भांडतात. अनेकवचनही मालकालाच लागतं. जिथे मालक सुरुवातीला असतो तिथे त्या पहिल्या शब्दाला, म्हणून ‘मदर्स-इन-लॉ’ आणि ‘पॉवर्स ऑफ अटर्नी’. पत्रात ‘पॉवर ऑफ अटर्नीज’ होतं, पण त्याने कोणाचं नुकसान होत नव्हतं म्हणून तो विषय तिथेच सोडला.

बहुव्रीहीत मालक घराबाहेरच असतो. ‘हाय-राइज’ म्हणजे राइज नव्हे, उंच चढलेली इमारत. ‘पिकपॉकेट’ हा खिसा नाही, तो माणूस, आपला खिसेकापू. फळ्यावर हे लिहिल्यावर एक आठवीतला मुलगा ओरडला, “नीलकंठ!” मला त्या दिवसातला सगळ्यात जास्त आनंद त्या एका शब्दाने झाला.

‘लँडलॉर्ड’वर थोडं जास्त थांबले कारण लोकांना मजा वाटली. ‘लॉर्ड’ हा आज एकसंध वाटणारा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतला जोडशब्दच आहे, ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे भाकरीचा राखणदार, घरातल्या पावाचा सांभाळ करणारा. आणि ‘लेडी’ म्हणजे ती भाकरी मळणारी. झिजत झिजत आत दोन शब्द होते हेच विसरलं गेलं. आपल्या घरमालकाच्या पदवीत मुळात भाकरी सांभाळायची जबाबदारी आहे हे ऐकून आज्या फार खूश झाल्या.

पण मूळ त्रास होता लांब माळांचा. पत्राच्या शेवटी जोडपत्रांची यादी, त्यात एक: ‘टेनंट ट्रान्झिट रेंट चेक डिस्बर्समेंट शेड्यूल’. सहा नामं, मधे एकही शब्द नाही, चा नाही, साठी नाही, ने नाही. इंग्रजी ऑफिसात असं लिहायची फार हौस असते, लिहिणाऱ्याचे शब्द वाचतात आणि वाचणाऱ्याचा जीव जातो. उजवीकडून उघडत गेलो. शेड्यूल, म्हणजे वेळापत्रक. कशाचं? डिस्बर्समेंटचं, वाटपाचं. कशाच्या वाटपाचं? चेकच्या. कसले चेक? रेंटचे. कसलं रेंट? ट्रान्झिटचं, म्हणजे बाहेर राहायला जाऊ त्या काळातलं. कोणासाठी? टेनंटसाठी. मराठीत लिहिलं: भाडेकरूंना बाहेरच्या मुक्कामाच्या भाड्याचे चेक कधी कधी देणार त्याचं वेळापत्रक. जिन्यावरून एक बाई म्हणाली, “एवढंच होतं होय, मग तसं लिहायला काय झालं?” हाच तर प्रश्न आहे.

ही माळ उघडल्यावर एकच अर्थ निघाला, म्हणजे ती निरुपद्रवी. काही उघडल्यावर दोन अर्थ निघतात आणि तिथे खरा धोका असतो, वर फक्त जड दिसणाऱ्या शब्दात नसतो. आमच्या पत्रात असा सगळ्यात साधा दिसणारा शब्द होता ‘टेनंट पेमेंट’. ‘टेनंट पेमेंट शॅल बी मेड इन थ्री इन्स्टॉलमेंट्स.’ सगळ्यांनी धरून चाललेलं की बिल्डर आपल्याला तीन हप्त्यांत पैसे देणार, कॉर्पस, शिफ्टिंग वगैरे. मी विचारलं विग्रह करा. एकाने केला: भाडेकरूंना दिलेलं पेमेंट, चतुर्थी. मागून सेक्रेटरीच्या बायकोने शांतपणे विचारलं, “आणि भाडेकरूंनी दिलेलं असेल तर?” तृतीया. ना आणि नी, एका अक्षराचा फरक, आणि पैसे उलट्या दिशेने. जिन्यावर एकदम शांतता. कारण त्याच पत्रात जादा जागा हवी असेल तर भाडेकरूने वेगळे पैसे भरायचे असं एक कलम होतं, त्यामुळे दुसरा अर्थ हवेतला नव्हता.

हे तत्पुरुषाचं मर्मच आहे. विभक्ती गाळली जाते आणि ती कुठली होती ते वाचणाऱ्याने ओळखायचं. शाळेत आपण पाठ करतो: तोंडपाठ म्हणजे तोंडाने पाठ, क्रीडांगण म्हणजे क्रीडेसाठी अंगण, चोरभय म्हणजे चोरापासून भय, राजपुत्र म्हणजे राजाचा पुत्र, घरजावई म्हणजे घरातला जावई. ओळखीचे शब्द असतात म्हणून विभक्ती आपोआप सुचते. इंग्रजीतही रोजच्या शब्दांचं असंच. ‘फायरवुड’ आगीसाठी लाकूड, ‘फायर इंजिन’ आग विझवायला गाडी, ‘फायर एस्केप’ आगीपासून पळायचा जिना, तीन ठिकाणी ‘फायर’ तोच आणि नातं प्रत्येक वेळी वेगळं. १९७८ मध्ये ज्युडिथ लेव्ही या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अशा नात्यांची यादीच मांडली, कारण असणं, जवळ असणं, पासून बनणं, साठी असणं, विषयी असणं वगैरे, आणि ती बघितली तर आपल्या विभक्त्यांच्या अर्थांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पण करारातला शब्द हा ओळखीचा शब्द नसतो, तो त्या कागदापुरता जुळवलेला असतो, तिथे ‘आपोआप सुचलं’ हे चालत नाही.

तसंच ‘हँडओव्हर’. ‘हँडओव्हर विदिन थर्टी-सिक्स मंथ्स.’ सुटं लिहिलं, ‘हँड ओव्हर’, की ते क्रियापद, मग इंग्रजीला साधारणपणे कर्ता द्यावा लागतो, कोण देणार ते लिहावं लागतं. जोडून लिहिलं की नाम, आणि नामाला कर्ता लागत नाही. कोण कोणाला काय देणार? आम्ही रिकाम्या खोल्या बिल्डरला की बिल्डर नवे फ्लॅट आम्हाला? आणि छत्तीस महिने कधीपासून? असे शब्द पुष्कळ आहेत, ‘सेटअप’, ‘टेकओव्हर’, ‘बायबॅक’, क्रियापदातला माणूस त्यांच्यात दिसेनासा होतो. करार वाचताना असा शब्द दिसला की पेन्सिलने गोल करायचा आणि बाजूला लिहायचं: कोण, कोणाला, काय, कधी.

चाळीतली एक मुलगी मालाडला व्हॉइस प्रोसेसमध्ये, म्हणजे कॉल सेंटरमध्ये काम करते, मला आत्या म्हणते. ती म्हणाली, “आत्या, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात की जोर कुठे देतो त्याने अर्थ बदलतो, मी वाचून दाखवू?” अगदी खरं आहे. ‘ग्रीनहाउस’ म्हणताना जोर ‘ग्रीन’वर असेल तर रोपांचं काचघर, ‘हाउस’वर असेल तर हिरव्या रंगाचं घर. ‘इंग्लिश टीचर’चं तसंच, पहिल्या शब्दावर जोर म्हणजे इंग्रजी शिकवणारी, दुसऱ्यावर म्हणजे इंग्लंडची शिक्षिका. साधारण जोडशब्दात जोर पहिल्या शब्दावर येतो, पण सगळीकडे नाही, रस्त्यांच्या नावात ‘स्ट्रीट’वर जोर येत नाही पण ‘अव्हेन्यू’वर येतो, ‘अॅपल केक’मध्ये ‘अॅपल’वर आणि ‘अॅपल पाय’मध्ये ‘पाय’वर. तिने ते दुकानाचं वाक्य दोन्ही प्रकारे वाचून दाखवलं, ‘टू’ नंतर किंचित थांबून आणि न थांबता, आणि सगळ्यांना कानाने फरक कळला. मला हे फार आवडलं. फक्त कागद बोलत नाही, आणि कोर्टात पत्र वाचणारा माणूस बिल्डरचा वकील असणार, त्याला हवं तिथे तो थांबेल.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते, चाळीतही सांगितलं. १८७२ च्या त्यांच्या आयात कराच्या कायद्यात करमुक्त वस्तूंच्या यादीत ‘फ्रूट प्लांट्स’ म्हणजे लागवडीसाठीची फळझाडं असायला हवी होती. दोन शब्दांच्या मधे स्वल्पविराम पडला, ‘फ्रूट, प्लांट्स’. समास फुटला आणि फळं वेगळी, झाडं वेगळी झाली. बाहेरून येणाऱ्या फळांवर कर बसेना आणि सरकारचं साधारण वीस लाख डॉलर्सचं नुकसान झालं. त्या काळचे वीस लाख.

आता ‘लाँग टर्म टेनंट पार्किंग’. हा मला सगळ्यात कठीण वाटतो, कारण इथे हायफन देऊनही सुटत नाही. ‘लाँग-टर्म’ला हायफन दिला समजा. तरी दीर्घ मुदत कोणाची? दीर्घ मुदतीच्या भाडेकरूंसाठी पार्किंग, की भाडेकरूंसाठी दीर्घ मुदतीचं पार्किंग? पहिला अर्थ धरला तर जुने पागडीवालेच पात्र, ज्यांनी मधल्या काळात खोली ट्रान्स्फर करून घेतली ते बाहेर. दुसरा धरला तर सगळे पात्र पण हक्क कायमचा नाही, मुदतीचा. चाळीत दोन्ही गट आहेत आणि दोन्ही गटांनी आपापला सोयीचा अर्थ धरला, अर्थातच. तीन शब्दांची माळ झाली की कोण कोणाच्या जास्त जवळ हा प्रश्न येतोच, चार-पाच शब्द झाले की शक्यता भराभर वाढतात. मराठीत आपण प्रत्यय लावून हे घट्ट करतो, इंग्रजीत फक्त जागेवरून ओळखायचं.

मग केलं काय? पोरांचं म्हणणं होतं की आपण योग्य हायफन टाकून पत्र परत पाठवू. मी विरोध केला आणि अजूनही माझं तेच मत आहे. महत्त्वाच्या ठिकाणी हायफन दुरुस्त करून भागत नाही, पुढच्या टायपिंगला तो परत गळतो, फोटोकॉपीत दिसत नाही, व्हॉट्सअॅपवर कॉपी केलं की उडतो. तिथे जोडशब्दच नको. बिल्डरलाच विग्रह करायला लावायचा आणि तो कागदावर उतरवून घ्यायचा.

कायदासुद्धा तेच करतो. ‘कार्पेट एरिया’ हा शब्द वर्षानुवर्षं प्रत्येक बिल्डर आपापल्या सोयीने वापरायचा. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने त्याची फोड करून ठेवली: फ्लॅटमधली वापरता येणारी निव्वळ जागा, बाहेरच्या भिंती नाहीत, सर्व्हिस शाफ्ट नाहीत, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी आणि मोकळी गच्ची नाही, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. दोन शब्दांच्या समासाला एवढा लांब विग्रह लागला, आणि तो झाला म्हणूनच आज त्या शब्दावर भांडता येतं. म्हणून काकांना मी सांगितलं की पत्रात नुसतं ‘स्क्वेअर फूट’ आहे, ‘कार्पेट’ हा शब्द गाळ्यांच्या कलमात नाहीच, तो आधी मागा. हे तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, सगळे ‘टू’शी भांडत होते.

चाळीच्या वकीलसाहेबांनी उत्तराचा मसुदा केला. त्यात आम्ही कुठलाही आरोप केला नाही. फक्त लिहिलं की खालील शब्दांचा अर्थ पूर्ण वाक्यात कळवा, आणि प्रत्येक शब्दापुढे आमच्याकडून शक्य असलेले दोन्ही अर्थ पूर्ण वाक्यात लिहून दिले. गाळ्यांसाठी: दोन गाळे, प्रत्येकी २०० चौरस फूट कार्पेट, की दोन गाळे, प्रत्येकी १०० चौरस फूट कार्पेट. ‘प्रत्येकी’ हा शब्द मी हट्टाने घालायला लावला. नाहीतर विग्रह करूनही ‘दोन गाळे, २०० चौरस फूट’ म्हणजे दोन्ही मिळून दोनशे असा तिसरा अर्थ निघतो आणि परत शंभरच हातात येतात. आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही. आणि एक साधी खूण सेक्रेटरीला सांगून ठेवली: इंग्रजीत नीट उघडून लिहिलं की ‘फूट’चं ‘फीट’ होतं, ‘टू शॉप्स, ईच ऑफ हंड्रेड स्क्वेअर फीट’. जिथे मोठ्या आकड्यानंतर ‘फूट’ आणि त्यानंतर लगेच नाम दिसेल तिथे समास अजून बंद आहे असं समजायचं.

उत्तर आलं. गाळ्यांच्या बाबतीत बिल्डरच्या आर्किटेक्टने स्पष्ट लिहिलं की दोन गाळे, प्रत्येकी शंभर, असंच म्हणायचं होतं. काकांचा चेहरा पडला, पण त्याच क्षणी हेही सिद्ध झालं की कोणालाच आतून जास्त मिळालेलं नव्हतं. अण्णा स्वतः गिरणीत गेले, दोघं काय बोलले मला माहीत नाही, पुढच्या मीटिंगला मात्र दोघं शेजारी बसले आणि एकत्र मागणी केली, प्रत्येकी दीडशे, कार्पेट. ती बोलणी चालू आहेत. ‘टेनंट पेमेंट’च्या जागी आता लिहिलंय ‘पेमेंट्स बाय द डेव्हलपर टू ईच टेनंट’, देणारा आणि घेणारा दोन्ही दिसतात. ‘हँडओव्हर’ची दोन कलमं झाली, आम्ही खोल्या रिकाम्या करून कधी द्यायच्या त्याचं एक आणि त्यांनी फ्लॅट कधी द्यायचे त्याचं दुसरं, छत्तीस महिने कामाच्या परवानगीच्या, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेटच्या तारखेपासून मोजायचे.

पार्किंगचं कलम त्यांनी बदलून पाठवलं ते ‘एलिजिबल लाँग-टर्म टेनंट पार्किंग अलॉटमेंट’ असं. हायफन आला, शब्द वाढले, अर्थ तिथेच. ते आम्ही स्वीकारलेलं नाही. आमच्या बाजूने वाक्य गेलंय: आजच्या तारखेला ज्यांच्या नावावर भाडेपावती आहे अशा प्रत्येक निवासी भाडेकरूला एक पार्किंग जागा, कायमस्वरूपी, वेगळा मोबदला न घेता. त्यावर सही येईपर्यंत संमतीपत्रं सेक्रेटरीच्या कपाटात राहणार, असं सगळ्यांनी ठरवलंय.